गेलास की गेलीस

४ फेब्रुवारी

आज एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या खिशात माझं गाणं वाजलं.

ते कान तपासायच्या केबिनमध्ये बसले होते. कानांवर हेडफोन, हातात बटण. मी काचेच्या अलीकडे, यंत्रासमोर, आतलं ऐकायला माझ्याही कानांवर हेडफोन. बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं, एवढंच त्यांचं काम. फोन बंद करा असं मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण मान डोलावून तो चालूच ठेवतो. अर्धी तपासणी झाली होती, तेवढ्यात माझ्या कानात पियानो सुरू झाला. मागोमाग एक गुळगुळीत पुरुषी आवाज. ‘दार लावून गेलीस, आवाज ठेवून गेलीस.’

गृहस्थांनी मोठ्या उत्साहाने बटण दाबलं.

मी माईकवर म्हणाले, “काका, फोन.”

“छान आहे ना? गादीच्या जाहिरातीतलं आहे.”

एकतीस वर्षांपूर्वी मी हे गाणं पहिल्यांदा लोकांसमोर गायले, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका माणसाने कानांत बोटं घातली होती. मला ते आवडलं होतं. आता त्याच गाण्यावर लोक गाद्या विकत घेतात. माझी उरलेली सकाळ नासली. पुढच्या बाईंच्या कानाचा आलेख मी दोनदा चुकीचा काढला आणि डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं.

दुपारी रेडिओवरच्या बाईंचा फोन आला. गाणं एक, गळे अनेक असा काहीतरी त्यांचा कार्यक्रम आहे. मूळ गाणं लावायचं, मग त्याची तीन कव्हर लावायची आणि मी तुलना करायची. एक तास. “तुम्ही चिडून बोललात तरी चालेल,” त्या म्हणाल्या. “जरा बेताने.” आयत्या वेळी काही सुचत नाही, रोज थोडं लिहून ठेवा, असंही म्हणाल्या. म्हणून ही वही. दवाखान्याचं गेल्या वर्षीचं नोंदणीपुस्तक आहे, मागची पानं कोरी आहेत.

बेताने म्हणे.

६ फेब्रुवारी

आधी मूळ गाणं.

आम्ही तिघं होतो. लंबू गिटारवर, ठोक्या ड्रमवर आणि मी. मला ते कर्कश म्हणत आणि त्या नावाने हाक मारली की मी ओ देत असे. फरश्यांच्या एका गोदामात रविवारी सुट्टी असायची, तिथे ध्वनिमुद्रण केलं. ठोक्याने अर्धा ठोका आधीच सुरुवात केली. दुसऱ्या कडव्यात लंबूची सगळ्यात बारीक तार तुटली आणि तो उरलेल्या पाच तारांवर वाजवत राहिला. ‘पुसते’ या शब्दावर माझा आवाज फाटला. पुन्हा करू या असं कोणी म्हटलं नाही. ते तसंच कॅसेटवर गेलं, आणि तसंच बरोबर आहे. ज्याला हे कळत नाही त्याने रॉकच्या वाटेला जाऊ नये.

शब्द इथे लिहून ठेवते, म्हणजे रेडिओवर अडखळायला नको:

दार आपटून गेलास
आवाज ठेवून गेलास
मी आवाज पुसते आहे
फरशी पुसतात तसा

तुझी खुर्ची मोकळी
माझे हात भरलेले
चादरीची चार टोकं
मला हात दोन

एवढंच. हेच पुन्हा पुन्हा. ‘हात भरलेले’ला मी दोन्ही मुठी वर करायचे आणि समोरचे सगळे मुठी वर करायचे. चादरीच्या ओळीवर बायका शिट्ट्या मारायच्या. सोडून गेलेल्या पुरुषाबद्दल इतकं उघडं तोवर कोणी बोललं नव्हतं.

शब्द बँडचे. कॅसेटवर तसंच छापलंय. आता वहीतच लिहायचं तर खरं लिहावं. मूळ ओळी धाकटीच्या होत्या. माझी धाकटी बहीण, तेव्हा सोळा वर्षांची. मी घर सोडल्यावर महिन्याभराने कपडे न्यायला गेले होते, तेव्हा तिने वहीचं पान फाडून हातात दिलं. म्हणाली, “ताई, चाल पण आहे.” आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हळू आवाजात म्हणून दाखवलं. चाल चांगली होती. शब्द जरा बाळबोध होते, ते मी नीट केले. एवढा हक्क मोठ्या बहिणीला असतोच.

घर सोडलं ते बाबांमुळे. मजल्यावरून पडून ते कमरेखाली लुळे झाले होते, पण जीभ धडधाकट होती. गाणाऱ्या पोरींबद्दल त्यांनी जे शब्द वापरले ते मी इथेही लिहिणार नाही. मी म्हटलं, मग बघा आता तुमचं तुम्ही, आणि निघाले. दार इतक्या जोरात लागलं की वरची काच तडकली. आई त्याआधीच गेलेली.

त्यामुळे कोणी विचारलंच तर सांगायचं, गाणं बाबांवर आहे. जरा सगळ्याच बापांवर.

९ फेब्रुवारी

कव्हर पहिलं: गादी.

आज सात वेळा ऐकलं. गायक तरुण आहे, आवाज पाघळलेल्या लोण्यासारखा. पहिला गुन्हा: ‘आपटून’चं ‘लावून’ केलंय. आपटलेल्या दारावर कोणाला झोप येणार, म्हणून दार हळूच लावून घेतलं. दुसरा गुन्हा: ‘पुसते’चं ‘पुसतो’. या माणसाने जन्मात फरशी पुसली नसणार, पुसताना दम लागतो हे त्याला माहीत असतं तर त्याने ती ओळ एवढी लांबवली नसती. आणि पुरुष गातोय म्हणून ‘गेलास’चं ‘गेलीस’. म्हणजे झालं प्रेमगीत. बाई सोडून गेली, बिचारा गादीवर एकटा.

चादरीची ओळ मात्र जशीच्या तशी ठेवलीय. गादीवाल्यांना ती सोयीची.

शेजारच्या बाईंनी दार वाजवून विचारलं, “तब्येत बरी आहे ना? भिंतीवर काहीतरी आपटल्यासारखं वाटलं.” चप्पल होती. सांगितलं, तब्येत उत्तम आहे.

१० फेब्रुवारी

कव्हर दुसरं: पाच दाढीवाले.

हे तिप्पट वेगात किंचाळतात. शब्द कळत नाहीत, ते सोडा. मला वाटलं होतं निदान यांच्यावर राग येणार नाही, आपल्याच जातकुळीतले. पण ‘पुसते’वर त्या पोराने आवाज फाडला. जिथे माझा फाटला होता तिथेच, तेवढाच, त्याच उंचीवर. म्हणजे बसून सराव केला असणार. माझ्या आवाजाचा अपघात त्याने पाठ केला.

अरे, तेव्हा माझा घसा सुजला होता. दोन दिवस जेवले नव्हते. लंबूच्या मावशीच्या गच्चीवर सतरंजीवर झोपत होते. ते कुठून आणणार तू?

हे रेडिओवर म्हणायचं. सतरंजीचं सोडून.

१३ फेब्रुवारी

रेडिओच्या बाईंनी तिसरं पाठवलं. “हे फारसं कोणी ऐकलेलं नाही, पण ऐका,” म्हणाल्या.

कुठल्याशा शाळेचा वर्ग. बाक भिंतीला सरकवलेले. सात मुली, बारा-तेरा वर्षांच्या. केस बारीक कापलेली एक मुलगी स्वतःपेक्षा मोठी गिटार घेऊन बसलीय, बाकीच्या बाकावर बोटांनी ताल धरतात. कोणीतरी फोनवर टिपलंय. शाळांच्या स्पर्धेत हे गाणार आहेत, असं खाली लिहिलंय.

ओरडणं नाही, काही नाही. खालच्या पट्टीत, दबक्या आवाजात गातात, जणू शेजारच्या खोलीत कोणी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाहीये. रॉक गाणं असं गातात? आणि शब्द: ‘दार आपटून गेलीस.’ गादीवाल्याचं एक समजू शकते, तो बाप्या आहे. पण पुढे याच मुली म्हणतात ‘मी आवाज पुसते आहे’. मुलगी मुलीला म्हणतेय. अर्थ काय याचा? मैत्रीण रुसून गेली?

त्यावर कडी म्हणजे चक्क एक तिसरं कडवं घुसवलंय:

परत आलीस तर सांग
कुठलं दार वाजवशील
मी कान ठेवून आहे
भिंतीला ठेवतात तसा

या गाण्याला तिसरं कडवं नाही. मी गायलेय, मला माहीत आहे.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की चहा तसाच ठेवून शाळेचा पत्ता शोधला आणि मुख्याध्यापिकेला पत्र पाठवलं. मूळ कलावंताच्या परवानगीशिवाय, शब्दांची मोडतोड करून, वर स्वतःचं कडवं घुसवून मुलांना काय शिकवता, असं विचारलं. योग्य ती कारवाई करावी असंही लिहिलं. सही केली. पत्र चांगलं उतरलं.

१७ फेब्रुवारी

मुख्याध्यापिकेचं उत्तर आलं. भराभरा चार परिच्छेद. झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहोत. शाळेने स्पर्धेतून मुलींचं नाव मागे घेतलं आहे. संबंधित शिक्षिकेकडून लेखी खुलासा मागवला आहे.

याला म्हणतात न्याय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या एका पत्रावर हललं.

दुपारी एका बाईंनी बटण उशिरा दाबलं म्हणून मी त्यांच्यावर खेकसले. त्या म्हणाल्या, “अहो, ऐकू येत नाही म्हणून तर आलेय.” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “घरी जा आज.” गेले नाही.

१९ फेब्रुवारी

लंबूला भेटले. रेडिओवर त्याच्याबद्दल काय सांगायचं ते ठरवायला. आता तो गाडी शिकवायची शाळा चालवतो. पाय अजून मावत नाहीत, तरी दिवसभर त्या छोट्या गाडीत शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून असतो. दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून ठेवून त्याचा स्वभाव शांत झालाय. मला ते आवडत नाही.

मी त्याला सगळं वाचून दाखवलं. गादीवर हसला. दाढीवाल्यांवर हसला. शाळेवर आलं तेव्हा हसला नाही.

“कुठली शाळा म्हणालीस?”

सांगितलं.

“तिथे संगीत कोण शिकवतं माहितीय का तुला?”

“मला कशाला माहीत असेल?”

“धाकटी. दोन वर्षं झाली. माझी पुतणी तिथे जाते.”

मला कोण सांगणार होतं? बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी म्हणाले, मला वेळेवर कळवलं नाहीस. ती म्हणाली, तुझा फोन लागत नव्हता. तेवढ्यावर आमचं बोलणं थांबलं ते थांबलंच.

लंबूला म्हटलं, “मग तर आणखीच वाईट. तिला तरी शब्द माहीत हवेत.”

तो गाडीच्या किल्लीशी खेळत बसला. मग म्हणाला, “त्या पानावर ‘गेलीस’च होतं, कर्कश.”

“काहीतरीच.”

“मी विचारलं होतं तुला, गोदामात. तू म्हणालीस, ‘गेलीस’ ऐकायला पचपचीत लागतं. ‘गेलास’ला धार आहे. मला पटलं तेव्हा. आणि तीन कडवी होती. तू म्हणालीस, लांबतंय.”

मी म्हटलं, लांबतच होतं. तो म्हणाला, असेल. पुढचा शिकाऊ आला, म्हणून तो उठला. जाताना म्हणाला, “पत्र पाठवायच्या आधी मला एक फोन करायचास.” इतका शांतपणे, की त्याच्याच गाडीखाली त्याला ढकलावं असं वाटलं.

घरी येईपर्यंत विचार करत होते. सोळा वर्षांच्या मुली लिहिताना घसरतात. तिचं आईबद्दल काहीतरी असेल. आई गेलीच होती.

पण आई दवाखान्यात गेली. दार कशाला आपटेल ती?

२० फेब्रुवारी

मोरीत दार लावून ‘गेलीस’ म्हणून बघितलं. पहिल्या ओळीतच घसा बसला. हवा कोरडी आहे सध्या.

२१ फेब्रुवारी

सविस्तर लिहायला पाहिजे. नाहीतर उद्या मी यात माझ्या सोयीचे फेरफार करीन, हे आता मला कळलंय.

साडेदहाला शिपायाने नऊ नंबर पुकारला आणि धाकटी आत आली. केस पांढरे झालेत, रंगवत नाही. मानेजवळ अजून तशीच किडकिडीत. हातात नोंदणीची चिठ्ठी.

मी म्हणाले, “तू इथे काय करतेस?”

“कान तपासायचेत.”

“धाकटे, हा दवाखाना आहे.”

“मी नोंदणी केलीय. नऊ नंबर.” आणि तीच केबिनमध्ये जाऊन बसली. आतले हेडफोन चढवले, दार ओढून घेतलं. मागे पाच जण बाकावर होते, मी तमाशा कसा करणार? मी हेडफोन घातले, नेहमीचं वाक्य म्हटलं: शिट्टी ऐकू आली की बटण दाबा.

तिने बटण मांडीवर ठेवून दिलं. काचेतून माझ्याकडे बघत म्हणाली, “इथला आवाज बाहेर जात नाही ना?”

“नाही.”

“तुझ्या कानात येतो?”

“येतो.”

“मग ते कानावरचं काढू नकोस.”

आणि ती बोलायला लागली. माझी ही बहीण आयुष्यात कधी चढ्या आवाजात बोललेली मला आठवत नाही. सुरुवातीला हळूच बोलत होती. मुलींनी दोन महिने सराव केला, ती गिटारवाली मधल्या सुट्टीतही बोटं बसवत बसायची, वगैरे. खुलासा लिहून दिला, नोकरीला धोका नाही, वगैरे. मग म्हणाली, “खुलाशात मी लिहिलं की गाणं माझं आहे. मुख्याध्यापिका म्हणाल्या, कॅसेटवर तर बँड लिहिलंय. मी खोटी पडले, ताई. माझ्याच गाण्यात.”

मी माईक चालू करून म्हणाले, “मी शब्द नीट केले होते.”

“काय नीट केलंस? बाबांना चालता येत नव्हतं. ते कसे जाणार होते दार आपटून?”

मी माईक बंद केला.

त्यानंतर ती ओरडली. त्या केबिनच्या भिंतींना स्पंज आहे, आत कितीही ओरडलं तरी बाहेर कुजबुजही येत नाही. बाकावरचे पाच जण आपापले फोन बघत होते. माझ्या कानात मात्र सगळं येत होतं. ती म्हणाली, तू मुठी वर करायचीस. हजार माणसं मुठी वर करायची. माझे हात कशाने भरलेले होते, एकदा तरी विचारलंस? चादर बदलायला दोन माणसं लागतात. एक जण माणसाला कुशीवर धरतो, दुसरा चादर ओढतो. मी सोळा वर्षांची होते, एकटी होते, आणि ते माझ्यावर ओरडत असायचे, कारण ओरडायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. त्या ओळीवर तुझ्याकडे बायका शिट्ट्या मारायच्या. मी एकदा आले होते बघायला. शेजारणीला दोन तास घरी बसवून आले होते. मागे उभी होते. चादरीवर शिट्ट्या ऐकल्या आणि परत गेले.

मला म्हणायचं होतं, मग बोललीस का नाहीस. माझं बोट माईकच्या बटणावर होतं. तिला ते काचेतून दिसलं असावं.

“सांगितलं होतं तुला,” ती म्हणाली. “तिसऱ्या कडव्यात. तेच नेमकं तू कापलंस.”

मग तिने हेडफोन काढून खुंटीवर नीट अडकवले, बटणाची वायर गुंडाळून ठेवली, आणि बाहेर आली. माझ्या टेबलाशी थांबून नेहमीच्या आवाजात म्हणाली, “दहा नंबरला बोलाव. लोक थांबलेत.”

मी बोलावलं. तपासणी केली. आलेख बरोबर आला.

तिने पंचवीस वर्षं त्यांचं केलं. हे मला माहीत होतं. मोजून माहीत होतं. पण गाण्यातला ‘तू’ मी आहे, हे मला आज कळलं की गोदामातच कळलं होतं आणि म्हणून मी तो शब्द बदलला, ते सांगता येत नाही. धार वगैरे ठीक आहे. ‘गेलीस’ म्हणताना माझ्या तोंडात काय होत असे, ते मला कालसुद्धा मोरीत कळलं होतं, आणि मी हवेला दोष दिला.

राग तिचाही येतोय. तिने मला तीस वर्षं मुठी वर करू दिल्या.

२२ फेब्रुवारी

मुख्याध्यापिकेला दुसरं पत्र लिहिलं. गाणं त्या शिक्षिकेचंच आहे, शब्द, चाल, तिन्ही कडवी. चूक माझी. मुलींना स्पर्धेत घ्यावं. पत्रावर थांबवेना म्हणून फोनही केला.

बाई म्हणाल्या, “आता कार्यक्रमपत्रिका छापली गेली. आयोजक ऐकणार नाहीत.”

आयोजकांनाही फोन केला. ऐकलं नाही. एकाला तर मी बरंच बोलले. त्याने फोन ठेवून दिला, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही ठेवला असता.

एका पत्राने सगळं हललं होतं. दुसऱ्याने काहीच हलत नाही.

२६ फेब्रुवारी

रेडिओ. थेट प्रसारण.

मी आधीच सांगितलं की क्रम बदला, मुलींचं आधी लावा. त्या बाई म्हणाल्या, “पण मूळ गाणं आधी हवं ना? लोक तुमचा आवाज ऐकायला बसलेत.”

मी म्हटलं, “मुलींचंच मूळ आहे. आमचं पहिलं कव्हर.”

त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मग माझा चेहरा बघून लावलं. पूर्ण, तिन्ही कडव्यांसह. आज पहिल्यांदा नीट ऐकलं. खालची पट्टी का, ते कळलं. शेजारच्या खोलीत कोणीतरी झोपलेलंच असायचं. धाकटीने ते असंच रचलं होतं आणि स्वयंपाकघरात असंच म्हणून दाखवलं होतं. ते मी गोदामात नेऊन पेटवलं. पेटवलेलंही वाईट नव्हतं, हे मी रेडिओवर सांगितलं. ठोक्याचा अर्धा ठोका, लंबूची तार, सगळं सांगितलं. पण एक शब्द बदलून मी गाण्याचं तोंड फिरवलं, तेही सांगितलं. गादीवाल्याने दुसऱ्या कारणाने का होईना, तो परत जागेवर आणला. त्याचा मला जास्तच राग येतो.

त्यांनी विचारलं, “मग ही निघून गेलेली कोण?”

मी म्हणाले, “ते आमच्या घरातलं आहे. पण या मुलींची तक्रार मी केली आणि त्यांचं स्पर्धेतलं नाव माझ्यामुळे गेलं, ते सगळ्यांना कळू दे.”

काचेपलीकडचा माणूस हातवारे करायला लागला. जाहिरात लावली. गादीची.

रात्री धाकटीचा निरोप आला. ‘शनिवारी नऊला सराव असतो. मुलींनी रेडिओ ऐकला. त्यांना तुला काहीतरी विचारायचंय. त्यांना उत्तर तू दे, मी देणार नाही.’

स्पर्धा नाही तर सराव कसला, असं विचारणार होते. नाही विचारलं.

१ मार्च

गेले. पावणेनऊलाच पोचले आणि फाटकाबाहेर पंधरा मिनिटं उभी राहिले.

तोच वर्ग. बाक सरकवलेले. सात जणी ओळीने उभ्या, एकसारख्या गणवेशात, एकसारख्या गंभीर. धाकटी खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून वह्या लावत होती. वह्या आधीच लागलेल्या होत्या.

मी म्हटलं, “विचारा.”

त्यांनी एकमेकींकडे बघितलं. शेवटी ती गिटारवाली बोलली. “तुम्ही आमची तक्रार का केलीत?”

“मला राग आला होता.”

“आम्ही वाईट गायलो म्हणून?”

“नाही. बरोबर गायलात म्हणून.”

एक जण हळूच म्हणाली, “असा कसा राग?” मी म्हटलं, मोठं झाल्यावर असा येतो, आणि म्हणताक्षणी वाटलं की हे खोटं आहे. म्हणून पुन्हा म्हटलं, “मला माहीत नाही. पण तो तुमच्यावर काढायला नको होता. चुकलं माझं.”

“आमच्या आईने नवे बूट घेतले होते स्पर्धेसाठी,” ओळीतली शेवटची मुलगी म्हणाली.

“हो,” मी म्हणाले.

गिटारवाली म्हणाली, “ठीक आहे.” ठीक नव्हतं, तिच्या आवाजात सरळ ऐकू येत होतं. माझा धंदाच तो आहे. तरी ती बसली आणि तारा जुळवायला लागली. बाकीच्या बाकांपाशी गेल्या. मी मधेच उभी होते, जावं की थांबावं ते कळेना.

धाकटी खिडकीपासून वळली. डोळे लाल होते आणि चेहरा रागीटच होता, तो राग इतक्यात जाणारा नाही.

“ताई, वाटेत उभी राहू नकोस,” ती म्हणाली. “मागच्या बाकावर बस. आणि गाऊ नकोस. आधी ऐक.”

मी मागच्या बाकावर जाऊन बसले. गुडघे बाकात मावत नव्हते. तिने बोटाने चार मोजले.